दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

"रीनाबाई, तुमच्याकडे एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा काऊन नाई येत?"

रंजीताने विचारून टाकलं. पैजच होती तशी. वर्गातल्या प्रियाने सकाळीच ग्रुपवर लिहिलं होतं, हिंमत असेल तर पार्लरवालीला हे विचारून दाखव. बाकीच्यांनी खाली हसणारे चेहरे टाकले होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून बारावीच्या वर्गात कुणालाही काही विचारायचं असलं की रंजीतालाच पुढे ढकलत. तिलाही ते आवडायचं. गेल्या वर्षी गावातल्या नाटकात माईक बंद पडला, तेव्हा तिने भर मंडपात उभं राहून मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं होतं, "भाऊ, आमी नाटक पाहाले आलो का मुक्यायचा खेळ?" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पार्लरमध्ये मात्र कोणी हसलं नाही. बाकावर बसलेल्या बाया भिंतीला डोकं टेकून पेंगत होत्या. आज रात्री गावात नाटक होतं. स्टॅण्डजवळच्या त्या एका खोलीत सकाळपासून रांग होती. बाहेरून नाटकाची जाहिरात करत ऑटो गेला, त्याचा भोंगा आरशाला थरथरवून गेला.

रीनाबाईने दातातला दोरा काढला. सकाळपासून उभी राहून तिचे पाय सुजले होते. रंजीताची एक भुवई करून झाली होती, दुसरी राहिली होती. ती स्टुलावर टेकली.

"येतात ना वं. पयल्यांदा नाटकाच्या दिवशी येतात, मायसंगं. जशी तू आली. दुसऱ्यांदा उन्हायात, नवरी होऊन. तवा मीच त्यायच्या घरी जातो, म्हणून तुमाले दिसत नाई."

"आन् मंग?"

"मंग काय? सासरी जातात." तिने मान मोडून घेतली. रंजीताचा आरशातला चेहरा पाहिला आणि तिचा हात थांबला. "तुले सांगतलं नाई का घरी?"

रंजीताने आरशातूनच दाराकडे पाहिलं. आई अजून आली नव्हती.

आईने तिला आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये आणलं होतं. "नीट करून देजो वं रीना, पावने येऊन राह्यले," एवढं सांगून ती बेसन आणायला गेली होती. रंजीताला वाटलं होतं, हे स्पर्धेचं बक्षीस.

तसं तिला सगळं माहीत होतं. झाडीपट्टीत कुणाला नसतं? नाटक असलं की घरोघर पाहुणे भरतात, आणि तिसरी घंटा व्हायच्या आधीच चहाच्या कपांवर सोयरीक जुळते. चुलतबहीण सुकरीताईची तशीच जुळली होती. काकांच्या घरी तेव्हा पाणी नेऊन देणारी रंजीताच होती. सुकरीताई रात्रभर चहा करत बसली आणि ही पुढच्या रांगेत बसून हिरोला शिट्ट्या मारत होती. आपली पाळी येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"डोळे मीट," रीनाबाई म्हणाली. "दुसरी करू दे."

"राहू द्या," रंजीता म्हणाली आणि उठली.

घरी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. आरमोरीकडचे पाहुणे आले होते. ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. थोड्याच वेळात बेसनाची पिशवी घेऊन आई आली. पहाटेपासून चुलीपुढे वाकून तिची पाठ धरली होती. तिने आधी कमरेवर हात ठेवला, मग पोरीकडे पाहिलं.

"हे काय वं? एकच भुवई?"

"आई, बाबांनी तुलेबी नाटकाच्याच दिवशी पाह्यलं होतं?"

आईने चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली.

"तवा पार्लर कुठी होतं? मायनं तोंडाले हळद-बेसन लावून देल्लं होतं." मग हळूच म्हणाली, "चैतात अठरा भरतात तुले. तुये बाबा थकले आता. लगन काय उद्याच हाय का? पाहून तं जाऊ दे."

"नाटक कोणतं होतं?"

"काय माहीत, बापा. मी चुलीपाशी होतो. आवाज येत होता."

अंगणातून एका बाईचा आवाज आला. "पोरगी शाळेत लय बोलते म्हणतात. घरी तं नाई ना बोलत?"

मग बाबांचा आवाज आला. जिंकल्याच्या दिवशी तिचा कप डोक्यावर घेऊन गावभर फिरलेल्या बाबांचा. "नाई, नाई. घरी चुपच राह्यते."

सगळे हसले. आई गाळणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. चहा उतू गेला.

बाबा आत आले. खांद्यावर नवा दुपट्टा होता, चेहरा उतरलेला. "झाला का चहा? आण ना वं, पावने वाट पाहून राह्यले." मग त्यांना तिचा चेहरा दिसला. एक भुवई कोरलेली, एक दाट, लहानपणापासून होती तशीच.

रंजीताने कप भरले. ट्रे उचलला आणि बाबांच्या हातात दिला. तिचा आवाज स्पर्धेतलाच होता. अंगणापर्यंत जाणारा.

"चहा तुमी न्या, बाबा. रीनाबाईकडे मी दुसऱ्यांदा जाईन, पुढच्या महिन्यात, बारावीच्या सेंडऑफले, ही भुवई कराले. तिसऱ्यांदा जाईन कॉलेजच्या गॅदरिंगले. चवथ्यांदाचं तवा पाहू. आन् आज रात्री चुलीपाशी मी बसतो, आईले पुढच्या रांगेत बसवा."