चिंचेने घासलेला पैसा

"अहो, बघा, देवाच्या ताम्हनासारखा लखलखतोय." सुलभाने तांब्याचा जुना पैसा दिगंबररावांच्या तळहातावर ठेवला. घेणारा संध्याकाळी येणार, नवऱ्याच्या ऑपरेशनची सोय होणार, म्हणून तिने तो चिंच-मिठाने घासला होता.

दिगंबररावांनी भिंग लावलं. ठसा कोरणाऱ्याच्या चुकीने सालाचे आकडे दुहेरी उमटले होते, म्हणूनच तो मोलाचा. चाळीस वर्षं त्यांनी त्याला फक्त कडेने धरलं होतं. आता, संग्राहक ज्याला पैसे मोजतात तो जुना काळपट रंग पार गेला होता आणि आकड्यांवर ओरखडे उठले होते.

"छान झालाय," ते म्हणाले. "चहा टाक."

ती आत गेल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं. मग हॉस्पिटलला फोन लावला.

"सोमवारचं माझं ऑपरेशन रद्द करा," ते हळूच म्हणाले. "आता बरं वाटतंय."