विश्वासरावांच्या अंगातला किल्ला

साताऱ्याच्या दवाखान्यात विश्वासराव फरांदे तापाने फणफणले होते आणि त्यांच्या उशाशी बसून शरयूताई टॅबवर त्यांच्या रक्तात बुरूज बांधत होत्या. पडद्यावरची निळी वाट म्हणजे नवऱ्याची रक्तवाहिनी, लाल ठिपके म्हणजे जंतू. बोट टेकवलं की सलाईनमधून सोडलेले यंत्रकण तिथे गोळा होत आणि बुरूज उभा राही. हा खेळ घरच्याच माणसाने खेळायचा, कारण परकं माणूस लवकर हार मानतं.

लाल लाट सरळ यकृताकडे निघाली. हाताशी चारच बुरूज उरले होते.

"काकू, चारही यकृताच्या तोंडाशी लावा," डॉ. नाझनीन म्हणाल्या.

"अगं, दरवाजा असा समोरासमोर ठेवतात का कुणी?"

तीस वर्षं अंगणात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या शरयूताईंनी दोन बुरूज आडवे घालून वाटेलाच वळण दिलं. जंतू वळणावर एकमेकांवर आदळून तुंबले, आणि उरलेल्या दोन बुरुजांनी त्यांचा फडशा पाडला.

दुपारी विश्वासरावांना घाम फुटला, ताप उतरला आणि त्यांनी चक्क पिठलं-भाकरी मागितली.

"आता बुरूज विरघळवूया?" डॉक्टरांनी विचारलं.

शरयूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दरवर्षी भाऊबीज होताच हा माणूस खोरं घेऊन अंगणात उभा राही, आणि किल्ला आणखी चार दिवस राहावा म्हणून त्या त्याच्याशी भांडत.

"इतक्यात नको," विश्वासराव घाईघाईने म्हणाले. "तुळशीच्या लग्नाआधी किल्ला मोडतात होय?"