डबे परत आण
"डबे आठवणीने परत आण," आईने बजावलं. रानात काय खाणार पोर, म्हणून पहिल्यावहिल्या शिकारीला निघालेल्या पुष्करच्या सॅकमध्ये तिने फराळाचे स्टीलचे डबे ठासून भरले. न्यूझीलंडमधला कायमानावा डोंगर चढताना ओझ्याने खांदे भरून आले. पण पहिल्याच गोळीत हरीण आडवं झालं आणि पुष्कर नाचलाच! सोबतच्या माओरी मित्राने, विरेमूने, मांस कापून स्वतःची सॅक भरली, पुष्करची उघडली आणि कपाळाला हात लावला. "ब्रो, शिकारीला येताना सॅक रिकामी हवी! मारलेलं टाकून जायचं नसतं." "मग बस खायला," म्हणत पुष्करने झाकणं उघडली. दोघांनी डबे फस्त केले आणि मांसाने भरले. दुप्पट जड सॅक घेऊन पुष्कर धावतच उतरला. घरी डबा आईच्या हातात ठेवत तो म्हणाला, "रिकामा परत द्यायचा नसतो ना?" खोबरं किसत आई म्हणाली, "पुढच्या खेपेला मोठे डबे देते."