आरशांची फेरी

गल्लीचं वळण घेतलं आणि समोर पर्यटकांचा घोळका. आईने लेकीचा दंड घट्ट धरला, पण मागे फिरायला उशीर झाला होता.

ऊन पुरतं उतरल्याशिवाय लेकीला बाहेर पडता येत नसे. कातडी भाजून निघायची. दुखणं वाढल्यापासून तिने उंबरठाच ओलांडला नव्हता. कोपऱ्यापर्यंत तरी चल, म्हणून आईने आज मिनतवाऱ्या केल्या होत्या. चेहऱ्यावरचे व्रण आता जवळजवळ गेलेत, असं ती लेकीला रोज सांगे. घरातले आरसे तिनेच उतरवले होते. लेकीच्या मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याची काच टाचणीने खरवडली होती, तीही तिनेच.

घोळक्यात प्रत्येकाच्या हाती एकेक छोटा आरसा होता. जुन्या वस्तीतून रक्तपिशाच्चांच्या गोष्टी सांगत फिरवणाऱ्या गाइडची ती युक्ती. पिशाच्च आरशात दिसत नाही. कुणाचा संशय आला, की त्याच्याकडे पाठ फिरवून आरशात बघायचं. रंगत यावी म्हणून वाटेत दोन-तीन नटही पेरलेले असत.

डोक्यावरून स्कार्फ, पांढराफटक चेहरा, त्यावर जांभळे चट्टे. नवी नटी आलेली दिसते, असं गाइडला वाटलं. त्याने आवाज खाली आणला.

"आली बघा."

सगळ्यांनी पाठ फिरवली. आरसे वर झाले. लेकीचे डोळे झाकायला आईने हात उचलला. मग तिच्या लक्षात आलं, इथून लेकीला स्वतःचा चेहरा दिसणार नाही. तिला दिसताहेत ते बघणाऱ्यांचे डोळे, आरशाआरशांतून तिच्यावर रोखलेले. आईने श्वास सोडला.

ती दिसतेय की, म्हणत कुणीतरी खट्टू झालं. हशा पिकला. हॅटवाली एक बाई मात्र वळून जवळ आली आणि कौतुकाने लेकीच्या गालाकडे वाकून बघू लागली.

"काय मेकअप केलाय हो! अगदी खरा वाटतो. किती वेळ लागतो याला?"

लेकीने तिच्या हातातून आरसा अलगद काढून घेतला. एक गाल पाहिला, मग दुसरा. हनुवटी वर करून गळा पाहिला.

"रोज थोडा थोडा होत गेला," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईने फोटो मागितला.

"नको," आई म्हणाली. "चल गं, घरी जाऊ."

लेकीने स्कार्फ काढून आईच्या हातात दिला.

"काढा ना फोटो. आणि आईलाही घ्या. माझी गोष्ट तीच रचते."

सगळे हसले. फ्लॅश चमकला, तेव्हा आईने स्कार्फने स्वतःचं तोंड झाकून घेतलं होतं.