न पाहिलेल्या पुण्याचा जाणकार

“स्वतःचा फ्लॅट की भाड्याचा?” गोव्यातल्या मोपा विमानतळाचं गेट मागं पडायच्या आधीच बाबलीनं विचारलं.

मागच्या सीटवरचा पाहुणा जरा चपापला. बाणेरला स्वतःचा आहे, म्हणाला. आणि बाणेर म्हणजे काय, एकदम झकास! बाबलीनं मान डोलावली, पण मनावर काही घेतलं नाही. स्वतःचं घर असलेला माणूस आपल्या भागाला नावं ठेवत नाही, खरं काय ते भाडेकरू सांगतो, हे टॅक्सीच्या धंद्यात त्याला केव्हाच कळून चुकलं होतं. तरी हरमल येईपर्यंत त्यानं पाहुण्याच्या तोंडून काढून घेतलंच. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात.

झालं. बाणेर बाद!

धारगळचा हा बाबली उभ्या जन्मात पुण्याला गेला नव्हता. पण तिथं कुठल्या भागात पाणी किती वाजता जातं, कुठं पार्किंगवरून हाणामारी होते, कुठले घरमालक एकट्या मुलीला दारातूनच परत पाठवतात, हे त्याला तोंडपाठ होतं. स्टँडवरचे टॅक्सीवाले त्याला ‘पुण्याचे नगरसेवक’ म्हणायचे. म्हणेनात बापडे. त्याच्या मुलीला, गौरवीला हिंजवडीत नोकरी लागली होती, येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि बाबलीनं तिला शब्द दिला होता. ज्या भागाबद्दल एकही वाईट गोष्ट ऐकू येणार नाही असा भाग मी शोधून काढतो, मग तू खुशाल जा.

शोधता शोधता दीड महिना गेला. वाकड ट्रॅफिकपायी गेलं. हडपसर लांब पडतं म्हणून गेलं. कोथरूड मात्र चिवट निघालं, चांगलं आठ दिवस टिकलं. मग एका बाईनं सांगितलं की गल्लीत कुत्री मागं लागतात. तेही गेलं.

त्या दिवशी सकाळी चहा-पाव खाता खाता गौरवीचा पारा चढला होता.

“बाबा, तुमका खंयचोच एरिया पसंत पडूचो नाय. स्वर्गातलो दाखयलो तरी थंय टँकर येता काय म्हणून विचारतलात!”

“तुझ्याच बऱ्याखातर विचारतंय गो.”

“गेल्या वर्षाची नोकरी अशीच घालयलात. ही गेली तर मी परत खंय अर्ज करूची नाय.”

एवढं बोलून तिनं कप विसळला आणि आत निघून गेली. रडली असती तर बाबलीनं समजूत काढली असती. ती रडली नाही, याचीच त्याला धास्ती वाटली.

दुपारच्या पुण्याच्या विमानानं संजना आली. गौरवीच्याच वयाची, एकटी, दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन. बाबलीनं बॅगा डिकीत टाकल्या आणि सवयीनं तोंड उघडलं. पण तिनंच आधी विचारलं, “काका, मी कोथरूडची. मला इथं विमानतळावरच नोकरी लागलीय. सोमवारपासून. खोली बघायचीय. एकटीला राहायला पेडणं बरं की धारगळ? की इथंच मोप्यात?”

बाबलीची छाती दोन बोटं फुगली. अखेर असा विषय निघाला होता, ज्यात त्याला कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

“धारगळ. डोळे मिटून!”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. “बाबा, टॅक्सीवाले काका इथलेच आहेत,” ती म्हणाली. “तुम्हीच बोला त्यांच्याशी.” आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला.

“धारगळ हायवेवर आहे ना हो?” पलीकडून थेट प्रश्न आला. “मग ट्रक असणार. पेडण्यात लाइट जाते म्हणे. मोपा ओसाड. पार्स्याला बस नाही. आणि कुत्री? धारगळला कुत्री किती आहेत?”

बाबलीचं टाळकंच सरकलं. जिथं त्याच्या चार पिढ्या सुखानं नांदल्या, त्या गावाला हा माणूस कोथरुडात बसून नावं ठेवत होता!

“साहेब, तुम्ही धारगळ बघितलंय कधी?”

“नाही. पण गोव्याहून परत येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो. महिनाभर तेच करतोय.”

पुढचं वळण बाबलीनं अगदी हळू घेतलं.

“राग मानू नका,” पलीकडचा आवाज खाली आला होता. “एकुलती एक आहे. कधी एकटी राहिली नाही. खरं सांगू? तुम्ही कुठलाही भाग सांगा हो, मला भीतीच वाटणार आहे.”

संजना ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होती. हे तिनं घरी पुष्कळदा ऐकलं असणार.

बाबलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागं हात करून संजनाकडून फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला.

“साहेब, ट्रक आहेत. लाइटही जाते. कुत्री आहेत. पण मी आहे, माझी बायको आहे, शेजारीपाजारी हाकेला ओ देतात. घर आमचं धारगळलाच, हायवेपासून आत. माझ्या मुलीची खोली आहे,” तो म्हणाला. “रविवारी रिकामी होतेय.”