एकाही पेशंटची तक्रार नाही

"गेल्या आठवड्यात तुम्ही अगदी शांत झोपला होतात, बाई," डॉक्टर अधिकारी म्हणाले. न्यायशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या वत्सलाबाई टिपणीस एंडोस्कोपीच्या टेबलावर आज पुन्हा कुशीवर पडून स्वतःच्या दंडावरचे बोटांचे वळ पाहत होत्या. शांत झोपलेल्या माणसाला इतकं घट्ट कोण धरतं?

"मग पोटातली गाठ अर्धीच का निघाली?"

"होतं कधीकधी."

"सिस्टर, तुम्ही होतात ना?"

सिस्टरने आधी डॉक्टरांकडे पाहिलं. "बाई, तुम्ही कळवळत होतात, हातपाय झाडत होतात. चौघांनी धरलं, तरी सरांना मध्येच थांबावं लागलं."

"पण त्यातलं काही आठवतं का?" डॉक्टर हसले. "त्या गुंगीच्या इंजेक्शनची हीच तर गंमत! आजवर एकाही पेशंटची तक्रार नाही."

आधी साक्षीदाराची जीभ छाटायची आणि मग त्याच्या मौनाला संमती म्हणायचं, असं करणारे पंडित बाईंनी पोथ्यांत पुष्कळ पाहिले होते. हातमोजे घातलेला मात्र आज प्रथमच भेटला.

"आठवत नाही म्हणजे दुखलं नाही, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पटलं नसतं. भूलतज्ज्ञांना बोलवा. गाठ पूर्ण निघाली पाहिजे, आणि मला न छळता."

"अहो, थोडक्यात काम आहे! आ करा पाहू." दुर्बीण आत घालण्याआधी दातांत बसवायची प्लास्टिकची कडी त्यांनी पुढे केली.

आयुष्यभर बोलून वाद जिंकलेल्या बाईंनी ओठ मिटून घेतले, आणि भूलतज्ज्ञ दारातून आत येईपर्यंत ते उघडले नाहीत.