१९४५ पर्यंतचा दगड

कापड ओढलं गेलं, टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या हार्टविग लोझेंनी चष्मा नाकावर सरकवला आणि दगडावरची अक्षरं वाचली.

‘जुलमी राजवटीने छळलेल्या आपल्या गावातल्या समलिंगी माणसांच्या स्मरणार्थ. १९३३ ते १९४५.’

त्यांनी पुन्हा वाचलं. मग शेजारच्या ब्रिंकमायरबाईंकडे वळले. बाई नगरपालिकेच्या संस्कृती विभागातल्या. हिवाळ्यात लोझेंच्या स्वयंपाकघरात दुपारच्या दुपार बसून त्यांनी त्यांची सगळी हकिगत ध्वनिमुद्रित करून घेतली होती. ऐकताना रडल्याही होत्या.

“बाई, त्रेसष्ट साल कुठे आहे?”

“नंतर बोलू या ना, लोझेसाहेब.”

“मला नि माझ्या आन्सेल्मला त्रेसष्टला पकडलं. नाझी जाऊन अठरा वर्षं झाली होती.”

“माहीत आहे हो मला. समलिंगींविरुद्धचा कायदा तोच चालू राहिला, तेही माहीत आहे.” बाई समोरच पाहत होत्या. “पण पुढची सालं घातली, तर शिक्षा कोणी दिली हे लोक विचारणार. त्या न्यायाधीशांची मुलं-नातवंडं गावातच आहेत. स्मारक समितीत एकमत होईना.”

“आणि पंचेचाळीसवर झालं?”

“लगेच.”

तेवढ्यात महापौरांनी त्यांचं नाव पुकारलं. “त्या काळ्याकुट्ट वर्षांचे आपल्यातले अखेरचे साक्षीदार!”

लोझे काठी टेकत ध्वनिक्षेपकापाशी गेले.

“पंचेचाळीस साली मी पहिलीत गेलो,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी मुलांना खाऊने भरलेला कागदी शंकू देतात ना, तसा आईने मलाही दिला होता. खाऊ मिळतच नव्हता. म्हणून खाली बटाटे भरले होते आणि वर एक सफरचंद.”

लोक मायेने हसले.

“मी तुरुंगात गेलो चोविसाव्या वर्षी. शिक्षा झाली ती त्या समोरच्या न्यायालयात. तेव्हा लोकशाही होती. मी मतही दिलं होतं. आन्सेल्म माझ्याबरोबर आत गेला, तो जिवंत बाहेर आला नाही.”

आता कोणी हसलं नाही. महापौरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून हळुवार आवाजात म्हणाले, “एवढं सोसल्यावर सालं पुढेमागे व्हायचीच. आपण समजू शकतो.”

लोझेंनी ब्रिंकमायरबाईंकडे पाहिलं. खरं साल कोणतं, हे बाईंशिवाय तिथे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई उठल्या. पुढे आल्या. त्यांनी लोझेंच्या हातात पाण्याचा पेला दिला.

“बसा, लोझेसाहेब,” त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “दमलात तुम्ही.”

मग बँड वाजू लागला. प्रत्येकाला एकेक पांढरा गुलाब देण्यात आला, आणि दगडावर फुलं वाहायला रांग लागली. लोझेंनाही गुलाब मिळाला. महापौरांच्या मागे त्यांच्यासाठी जागा ठेवली होती. ते त्या जागेवरून पुढे निघून गेले, ट्रामचे रूळ ओलांडून न्यायालयाच्या पायऱ्या चढले आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर त्यांनी गुलाब ठेवला.

दारातला पहारेकरी लगबगीने बाहेर आला. तरुण होता. त्याने वाकून गुलाब उचलला, त्याची धूळ झटकली आणि तो परत त्यांच्या हातात दिला.

“चुकलात, आजोबा. स्मारक तिकडे आहे. चला, मी रस्ता ओलांडून देतो.”

लोझेंनी गुलाब पुन्हा पायरीवर ठेवला.

“आम्हाला इथे शिक्षा ऐकवायला आणलं, त्या दिवशीही दारात तुझ्याच वयाचा एक जण होता,” ते म्हणाले. “तोही असाच सभ्य होता.”